रुग्ण, डॉक्टर आणि द्वितीय पुरुष

डॉक्टरांनी रुग्णाला 'तू' म्हणावे की 'तुम्ही', हा प्रश्न वरवर पाहता शिष्टाचाराचा वाटतो. वस्तुतः तो व्याकरणाचाही आहे. इंग्रजी भाषकाला 'यू' या एकाच सर्वनामावर निभावून नेता येते. त्याला निवड करावी लागते ती केवळ नावाची. मराठीत सर्वनाम गाळले तरी क्रियापद बोलते. 'जीभ दाखव' आणि 'जीभ दाखवा' या दोन्ही वाक्यांत कर्ता उच्चारलेला नाही. तरीही रुग्णाची पायरी ठरून गेलेली असते.

रॉजर ब्राउन व अल्बर्ट गिल्मन यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात युरोपीय भाषांतील अशा सर्वनामांची मीमांसा सत्ता आणि जवळीक या दोन तत्त्वांनी केली. सत्तेचा संबंध असेल तेथे एकाकडून 'तू' जातो व दुसऱ्याकडून 'तुम्ही' येतो. जवळीक असेल तेथे दोन्ही बाजूंनी एकच सर्वनाम योजले जाते. या दृष्टीने पाहता 'तू' हा शब्द मुळात अवमानकारक नव्हे. बहुतेक मराठी घरांत आईला 'तू' म्हणतात आणि विठ्ठलालाही 'तू'च म्हणतात. दवाखान्यातील 'तू' खटकतो, तो परत करता येत नाही म्हणून.

नावाच्या बाबतीत मात्र विषमता नेहमी वरूनच लादली जाते असे म्हणता येत नाही. ब्रायन मॅकिन्स्ट्री यांनी स्कॉटलंडमधील ४७५ रुग्णांची मते विचारून १९९० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. डॉक्टरांनी आपणास पहिल्या नावाने हाक मारावी, हे बहुतेकांना आवडत होते किंवा त्यास त्यांची हरकत नव्हती. नापसंती दर्शविणारे ७७ जण निघाले आणि त्यांत वृद्धांचा भरणा अधिक होता. परंतु डॉक्टरांना त्यांच्या पहिल्या नावाने हाक मारण्यास बहुसंख्य रुग्ण राजी नव्हते. मला यात नवल वाटत नाही. ज्याच्या हाती देह सोपवावयाचा, तो त्या घटकेस स्नेही असण्यापेक्षा वैद्य असलेला बरा, असे माणसास वाटणे स्वाभाविक आहे.

आपल्याकडे ही पोकळी नातेवाचक शब्द भरून काढतात. 'आजी', 'काका', 'मावशी', 'ताई' ही संबोधने रुग्णास घरच्यासारखी वाटतात हे खरे. पण ती वयाचा अंदाजही जाहीर करीत असतात, आणि पंचेचाळिशीतील स्त्रीस प्रथमच 'आजी' म्हटले गेले म्हणजे ताप काही अंशी वाढत असावा! शिवाय सरकारी रुग्णालयांत 'मामा' व 'मावशी' हे शब्द वॉर्डातील सेवकवर्गाचे जणू पदनामच होऊन बसले आहेत. या गोतावळ्याबाहेर राहतो तो डॉक्टर. ऐंशी वर्षांचे आजोबाही पंचविशीतील तरुणास 'डॉक्टरसाहेब' म्हणतात, आणि फार झाले तर मागाहून 'बाळा' जोडतात.

असो. अभ्यासकास अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट ही की, मराठी डॉक्टर पुष्कळदा निवडच करीत नाही. 'काय होतंय?', 'कुठे दुखतं?', 'भूक लागते का?' या वाक्यांत अनुभवणारा चतुर्थीत असतो व तो गाळता येतो. क्रियापद अनुसरते ते भुकेला, रुग्णाला नव्हे. त्यामुळे दुखण्याची सारी हकीकत द्वितीय पुरुषाचा उच्चारही न करता विचारून घेता येते. अडचण येते ती तपासणीच्या वेळी, कारण तेथे आज्ञार्थ लागतो. परंतु भाषेने तेथेही पळवाट ठेवली आहे: 'मोठा श्वास घ्यायचा', 'गोळी जेवणानंतर घ्यायची', 'दोन दिवस आंबट खायचं नाही'. या रूपांतील प्रत्यय श्वासाचे अथवा गोळीचे लिंगवचन घेतात. ऐकणारा लहान की मोठा, हे ती सांगत नाहीत.

याहून मजेदार आहे तो 'आपण'. 'आपण बसावे' यात तो आदरार्थी द्वितीय पुरुष आहे. 'आपण रक्त तपासून घेऊ' यात बोलणारा व ऐकणारा दोघांचा समावेश करणारा प्रथम पुरुष आहे. सुई टोचली जाणार ती एकासच, तरी वाक्यात दोघे असतात. कित्येक रुग्णांना यातून धीर मिळतो. मुलाशी बोलावे तसे आपल्याशी बोलले जात आहे, असे कोणास वाटले तर तेही चूक नव्हे.

माझ्या मते या सर्वांत गंभीर प्रकार 'तू'चा नसून तृतीय पुरुषाचा आहे. वृद्ध रुग्ण समोर बसलेला असता प्रश्न सोबतच्या नातलगास केला जातो आणि रुग्ण संभाषणाचा विषय तेवढा उरतो. त्यासाठी योजलेले सर्वनाम बहुधा आदरार्थी असते, म्हणून ही गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही. काही वर्षांपूर्वी मी आईस घेऊन एका रुग्णालयात गेलो होतो. डॉक्टर सौजन्यशील होते. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, "यांना रात्री झोप लागते का?" मी उत्तर देण्यापूर्वीच आई म्हणाली, "मी आहे की इथे. मला विचारा." डॉक्टर क्षणभर थांबले, त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळविली, आणि पुढचा प्रश्न 'तुम्हाला' या शब्दाने सुरू केला.