सकाळी मूठ वळत नसेल तर अंगावर काढू नका

पहाटे नळाला पाणी येतं. उठून हंडा उचलायला जावं, तर बोटंच मिटत नाहीत. पीठ मळताना मनगटात कळ येते, धुण्याला पीळ बसत नाही. तास-दीड तासाने हात मोकळा होतो आणि बाई कामावर निघून जाते. कुणी विचारलं तर म्हणते, "वात आहे, होईल कमी."

मागे वस्तीतल्या विहारात आम्ही आरोग्य तपासणी ठेवली होती. चार घरची धुणीभांडी करणारी एक ताई आली. वय अडतीस. दोन वर्षांपासून सांधे सुजत होते. मनगट सुजलं म्हणून बांगड्या काढून ठेवल्या होत्या. मेडिकलमधून दुखण्याची गोळी, ती पुरेना तेव्हा 'वाताचं इंजेक्शन', मग कुणीतरी आणून दिलेली पुडी, असं चाललं होतं. आमच्याकडे आली तोवर तिची बोटं करंगळीच्या बाजूला झुकायला लागली होती. उपचार सुरू झाले, दुखणं थांबलं, ती पुन्हा कामाला लागली. पण झुकलेली बोटं गोळ्यांनी सरळ झाली नाहीत. ती दोन वर्षं आधी आली असती तर? हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही, म्हणून या वेळी हा विषय घेतला.

हा आजार नेमका काय आहे?

डॉक्टर याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, आपल्याकडे आमवात म्हणतात. रोगजंतूंशी लढणारी आपल्याच शरीरातली यंत्रणा चुकून आपल्याच सांध्यांवर उलटते. सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं, जाड होतं आणि हळूहळू कूर्चा व हाड कुरतडायला लागतं. दही, वांगं किंवा थंड पाण्यामुळे तो होत नाही. करणी, बाधा, नशीब यांचाही त्याच्याशी संबंध नाही.

पुण्याजवळच्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. प्रौढ माणसांत शंभरातल्या सुमारे अठरा जणांना हाडा-सांध्यांचं काही ना काही दुखणं होतं. पण आमवात होता हजारी साधारण पाच जणांना. म्हणजे दुखणाऱ्या प्रत्येक सांध्यात आमवात नसतो, आणि नेमका म्हणूनच तो गर्दीत हरवतो. पुरुषांपेक्षा बायकांना तो दोन-तीन पट जास्त होतो. बहुतेकदा तिशी ते साठी या वयात, म्हणजे घर अंगावर असतं तेव्हाच, तो गाठतो.

ओळखायचं कसं?

तीन खुणा लक्षात ठेवा.

पहिली, सूज. नुसतं दुखणं नव्हे, तर सांधा फुगलेला दिसतो, दाबला तर मऊ लागतो. अंगठी निघत नाही, बांगडी चढत नाही.

दुसरी, जागा. हाताच्या बोटांच्या मुळाच्या गाठी, बोटांचे मधले सांधे, मनगटं आणि पायाच्या बोटांची मुळं. बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना. सकाळी जमिनीवर पाय टेकला की चवड्याखाली खडे टोचल्यासारखं होतं. चार बोटांच्या मुळाच्या गाठी कुणी दोन्ही बाजूंनी हलकेच दाबल्या तरी कळ जाते. नखाजवळचे सांधे मात्र सहसा यात येत नाहीत.

तिसरी, सकाळचा आखडलेपणा. तो अर्ध्या तासाहून जास्त, कधी कधी दोन-दोन तास टिकतो. विश्रांतीने वाढतो, हालचालीने कमी होतो. सोबत थकवा, बारीक ताप, भूक मंदावणं असू शकतं.

म्हातारपणी गुडघे झिजतात त्याचं उलट असतं. ते चालल्यावर दुखतात, बसलं की बरं वाटतं आणि सकाळचा आखडलेपणा दहा-पंधरा मिनिटांत जातो. पायाचा अंगठा रात्रीत एकाएकी लालबुंद होऊन ठणकत असेल तर ते युरिक अॅसिडचं दुखणं असू शकतं.

चिकुनगुनिया मात्र चांगलंच फसवतो. २००६ साली महाराष्ट्रात त्याची मोठी साथ आली तेव्हा ताप उतरल्यावरही कितीतरी जणांचे सांधे महिनोन्महिने धरलेले होते. म्हणून आधी ताप आला होता का, घरात किंवा शेजारी आणखी कुणाला आला होता का, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. विषाणूची सांधेदुखी बऱ्याचदा काही आठवड्यांत ओसरते. सहा आठवड्यांपुढे टिकलेल्या सुजेकडे म्हणूनच जास्त संशयाने पाहतात. पण याचा अर्थ सहा आठवडे घरी बसून वाट पाहायची असा नाही. सांध्यावर सूज दिसली की त्याच आठवड्यात दाखवा.

तपासण्या: काय कळतं, काय कळत नाही

ईएसआर आणि सीआरपी या तपासण्या शरीरात सूज किती आहे ते सांगतात. ती कशामुळे आहे ते सांगत नाहीत.

आरए फॅक्टर ही जुनी तपासणी. आमवाताच्या रुग्णांत ती बहुतेकदा पॉझिटिव्ह येते, पण टीबी, हिपॅटायटिस सी अशा दुसऱ्या आजारांत, आणि काही धडधाकट माणसांतही, विशेषतः म्हातारपणी, पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यामुळे नुसत्या त्या कागदावर आमवाताचा शिक्का मारता येत नाही.

अँटी-सीसीपी ही नवी तपासणी जास्त भरवशाची. सांधे सुजलेल्या माणसात ती पॉझिटिव्ह आली तर आमवाताची शक्यता खूप वाढते. पण निगेटिव्ह आली म्हणजे आजार नाही असंही नाही. साधारण तिघांतल्या एका रुग्णात ती निगेटिव्ह असते.

एक्स-रे सुरुवातीला अगदी साफ येऊ शकतो. हाड कुरतडलं गेल्यावरच त्यावर दिसतं. "फोटो नॉर्मल आहे" हे ऐकून सुजलेला हात घेऊन घरी बसू नका. आतली सूज सोनोग्राफीत आधी दिसते.

आणखी एक. एएसओ नावाची तपासणी 'वाताची' म्हणून सर्रास करतात आणि ती वाढलेली दिसली की महिन्याला पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू होतात. घशाला कधीतरी एका जंतूचा संसर्ग होऊन गेला, एवढंच ती सांगते. आमवात ओळखायला तिचा उपयोग नाही.

डॉक्टर गुण कसे मोजतात?

१९८७ सालचे निकष जुनाट आजार बरोबर ओळखायचे, पण त्यांत हाड कुरतडल्याचा एक्स-रे, कातडीखालच्या गाठी अशा उशिरा येणाऱ्या खुणा होत्या. नवा रुग्ण त्यांतून निसटायचा. म्हणून २०१० साली अमेरिका आणि युरोपमधल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून दहा गुणांचे नवे निकष काढले. निदान एक सांधा नक्की सुजलेला हवा आणि दुसरं कारण सापडलेलं नको. मग किती आणि कोणते सांधे धरले आहेत याला पाचपर्यंत गुण, आरए फॅक्टर व अँटी-सीसीपीला तीनपर्यंत, ईएसआर किंवा सीआरपी वाढलेलं असेल तर एक, सहा आठवडे झाले असतील तर एक. बेरीज सहा किंवा जास्त झाली तर आमवात धरतात.

उदाहरण घेऊ. एका बाईची दोन्ही मनगटं आणि बोटांच्या मुळाचे चार सांधे सुजले आहेत. सहा लहान सांधे, गुण तीन. अँटी-सीसीपी खूप वाढलेली, गुण तीन. ईएसआर वाढलेला, एक. दोन महिने झाले, एक. एकूण आठ. आता तिचीच अँटी-सीसीपी आणि आरए फॅक्टर दोन्ही निगेटिव्ह असते तर? बेरीज पाच. म्हणजे आजार नाही असं नव्हे, तर तिला नजरेआड करायचं नाही, पुन्हा तपासायचं. शेवटचा निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांचा असतो, नुसत्या बेरजेचा नाही.

पुढे काय होणार, हे आधी सांगता येतं का?

बऱ्याच अंशी येतं. नेदरलँड्समधल्या लायडेन इथल्या रुग्णालयात १९९३ पासून सुरुवातीच्या सांधेसुजेसाठी वेगळी ओपीडी चालते. ज्यांचं निदान अजून ठरलं नव्हतं अशा ५७० जणांवर तिथल्या डॉक्टरांनी वर्षभर लक्ष ठेवलं. १७७ जणांना, म्हणजे जवळपास तिघांतल्या एकाला, आमवात झाला. बाकीच्यांना झाला नाही. मग त्यांनी वय, स्त्री की पुरुष, कोणते सांधे, सकाळचा आखडलेपणा, दुखरे सांधे किती, सुजलेले किती, सीआरपी, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी अशा नऊ गोष्टींचा हिशेब बसवून २००७ साली तो प्रसिद्ध केला. त्यात सहा किंवा कमी गुण असलेल्यांपैकी ९१ टक्के लोकांना वर्षभरात आमवात झाला नाही. आठ किंवा जास्त गुण असलेल्यांपैकी ८४ टक्के लोकांना झाला. कुणाला लगेच औषध द्यायचं आणि कुणाला उगाच द्यायचं नाही, हे ठरवायला असा हिशेब कामी येतो.

अॅमस्टरडॅममधल्या डॉक्टरांनी आणखी मागे जाऊन पाहिलं. पुढे आमवात झालेल्या ७९ रक्तदात्यांचं साठवलेलं जुनं रक्त त्यांनी तपासलं. जवळपास निम्म्या लोकांच्या रक्तात सांधा दुखायच्या कित्येक वर्षं आधीच ही प्रतिद्रव्यं सापडली. म्हणजे आजार आधी रक्तात शिरतो, सांध्यावर नंतर दिसतो. पण म्हणून सूज नसताना घरच्या सगळ्यांच्या तपासण्या करत सुटू नका. प्रतिद्रव्यं असूनही आजार न होणारी माणसं असतात.

आजार जोरात जाण्याची चिन्हंही ठरलेली आहेत. अँटी-सीसीपी किंवा आरए फॅक्टर खूप वाढलेला असणं, सुरुवातीलाच बरेच सांधे सुजलेले असणं, ईएसआर-सीआरपी चढलेलं राहणं, पहिल्या काही महिन्यांतच एक्स-रेवर हाड कुरतडलेलं दिसणं. अशा रुग्णाला डॉक्टर लवकर आणि जोरदार औषध देतात. बिडी-सिगारेटने आजार होण्याची शक्यता वाढते, तो जास्त उग्र होतो आणि औषधही कमी लागू पडतं. दगडखाणीत, दगड कापण्याच्या किंवा बांधकामाच्या कामात नाकातोंडात जाणाऱ्या बारीक धुळीनेही धोका वाढतो. बिडी सोडणं आणि धुळीत तोंडा-नाकाला नीट बसणारा मास्क लावणं, एवढं आपल्या हातात आहे.

पहिले तीन महिने

आजार सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत योग्य औषध सुरू व्हावं, असं आज जगभरचे तज्ज्ञ सांगतात. या काळात औषध लागलं तर आजार पूर्ण शांत होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. दुखण्याची गोळी कळ मारते, हाडाचं नुकसान थांबवत नाही. रस्त्यावरच्या पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत चमत्कार वाटतो, मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि आजार आत चालूच राहतो. डॉक्टरही सुरुवातीला थोडे दिवस स्टेरॉइड देतात, पण मोजून, आणि कमी करत नेतात.

मुख्य औषध आहे मेथोट्रेक्सेट. जेनेरिकमध्ये ते स्वस्त मिळतं. पण ही ओळ दोनदा वाचा: हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा, घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवा. सोबत फॉलिक अॅसिड दिलेलं असतं, ते डॉक्टर सांगतील त्या दिवशी घ्या. गुण यायला दीड ते तीन महिने लागतात, मध्येच सोडू नका. रक्त आणि लिव्हरची तपासणी ठरलेल्या वेळी करा. दारू पूर्ण बंद. गरोदरपणात हे औषध चालत नाही, म्हणून मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला. घरात कुणाला टीबी झाला असेल तर तेही सांगा. तोंड आलं, ताप आला, कोरडा खोकला किंवा धाप लागली तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

दवाखान्यात जाताना

एक वही करा. सूज कधी सुरू झाली ती तारीख, कोणते सांधे, सकाळी हात किती वाजता मोकळा होतो, आधी ताप आला होता का आणि आतापर्यंत घेतलेली सगळी औषधं, पुडीसकट, लिहा. सूज येते-जाते, म्हणून सुजलेल्या हाताचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मुंबईत केईएम रुग्णालयात संधिवाताचा स्वतंत्र विभाग आहे. इतर ठिकाणी सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत जा आणि स्पष्ट विचारा, "डॉक्टर, हा आमवात आहे का? अँटी-सीसीपी करायची का?" विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.

एक दिवसाची रोजी बुडेल म्हणून ओपीडी टाळणं आम्हाला समजतं, आमच्याही घरात तेच होतं. पण मजुरी कमावणारे हात हेच आहेत. येत्या रविवारी विहारात जमाल तेव्हा शेजारी बसलेल्या ताईला एवढंच विचारा, "सकाळी मूठ वळते का गं?" नाही म्हणाली तर सोमवारी तिच्यासोबत दवाखान्यात जा.