धोंडो : जगावा म्हणून ठेवलेलं नाव

बारशात ‘धोंडो’ हे नाव आता जवळजवळ ऐकू येत नाही. ते भेटतं जुन्या सातबाऱ्यावर, मतदारयादीत एखाद्या आजोबांच्या नावाच्या मधल्या जागी, आणि महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या नावात. तिथे ते वाचून हसणारी मुलं मी पाहिली आहेत. एवढ्या मोठ्या माणसाचं नाव ‘धोंडा’ कसं, आईबापांना दुसरं काही सुचलं नाही का, असं ती विचारतात. त्यांना कुणी उत्तर देत नाही आणि हसू तसंच राहून जातं. या नावामागे जे आहे त्याची टवाळी व्हावी, हे मला मनापासून खुपतं.

पहिला गैरसमज हाच, की ज्या मुलाचं नाव धोंडो ठेवलं तो घरात नकोसा होता, किंवा जन्मताच मठ्ठ वाटला. भाषेनेही त्याला हातभार लावला आहे. ‘गळ्यात धोंड’ म्हणजे ओझं आणि ‘पायावर धोंडा’ म्हणजे स्वतःच ओढवून घेतलेलं नुकसान, हे वाक्प्रचार रोजच्या बोलण्यात असल्यामुळे धोंडो म्हणजे लोढणं असं वाटणं साहजिक आहे.

वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. हे नाव बहुधा त्या घरात ठेवलं जाई, जिथे आधीची एक, दोन, कधी चार मुलं हाताशी लागली नव्हती. पुन्हा दिवस राहिले, मुलगा झाला, की घरातल्या बायकांच्या पोटात भीतीचा गोळा उठे. मूल देखणं असलं, त्याचं नाव गोड असलं, लोकांनी कौतुक केलं, तर दृष्ट लागेल आणि याच्यावरही काळाची नजर जाईल, अशी ती भीती होती. मग त्याला धोंडा म्हणायचं. दगडाचा हेवा कुणी करत नाही, त्याला न्यायला कुणी येत नाही, आणि तो टिकतो. मृत्यूला चकवण्यासाठी केलेली ही युक्ती होती, आणि ती करणाऱ्यांना ते मूल जगातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा हवं होतं.

त्या काळाचे आकडे पाहिले की ही भीती किती खरी होती ते कळतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी दोनशेहून अधिक बाळं पहिल्या वाढदिवसापर्यंत पोहोचत नव्हती. त्यानंतरही देवी, गोवर, हगवण, हिवताप होतेच. 2020 सालच्या नमुना नोंदणीनुसार हाच आकडा देशात 28 आणि महाराष्ट्रात 16 होता. ज्या आईने पाच बाळंतपणं सोसून दोनच मुलं वाढवली, तिच्या घरात नाव ठेवणं ही हौसेची गोष्ट उरत नसे.

धोंडो या प्रथेत एकटा नाही. दगडू आहे, केरू आणि केरबा आहेत, कचरू आहे, भिकाजी आणि भिकू आहेत, विदर्भातला कवडू आहे, फकिरा आहे. प्रत्येक नावामागची रीत थोडी वेगळी असे. केरू किंवा कचरू नावाच्या बाळाला कधी खरोखरच सुपात घालून उकिरड्याच्या कडेला क्षणभर ठेवत. शेजारीण किंवा आत्या त्याला उचलून घेई, आणि आई मूठभर धान्य देऊन किंवा पैसा देऊन ते तिच्याकडून परत घेई. आता ते आपलं मूल नव्हे, टाकलेलं सापडलं, विकत घेतलं. तेव्हा ज्याने आमची आधीची मुलं नेली, त्याचा याच्यावर हक्क नाही. भिकाजी हा देवाकडे किंवा दारोदार पदर पसरून मागितलेला. फकिरा हा एखाद्या फकिराच्या, पिराच्या पदरात टाकलेला. मराठी हिंदू घरांत हे नाव सहज चाले, ही गोष्टही लक्षात ठेवावी अशी आहे.

दगडाबद्दल आणखी एक सांगायला हवं. बाळ आणि दगड यांची गाठ आपल्याकडे बारशाच्याही आधी पडते. पाचवीच्या पूजेत पाटा-वरवंटा मांडला जातो. अनेक घरांत बारशाला त्याच वरवंट्याला टोपडं, कुंची घालून सजवतात आणि देवाची नावं घेत पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हातात देतात. आधी वरवंटा, मग बाळ. शेतातल्या बांधावरचा शेंदूर लावलेला देवही दगडच असतो. तेव्हा आजच्या कानाला ‘धोंडा’ जेवढा रुक्ष लागतो, तेवढा तो हे नाव ठेवणाऱ्या माणसांना लागत नसणार, असं मला वाटतं.

अधिक महिन्यात जन्मला म्हणून धोंडो, असंही कुणी कुणी सांगतं. अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात, जावयाला पुरणाचे धोंडे करून वाढतात, तेव्हा हा तर्क जुळवायला सोपा आहे. एखाद्या घरात तसं घडलंही असेल. पण अधिक महिना साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एकदा येतो. एवढ्याशा खिडकीतून हे नाव महाराष्ट्रभर पसरलं असं मानणं कठीण आहे. शिवाय दगडू, केरू, कचरू यांच्यामागे कुठलाच महिना नाही, आणि ती नावं याच कुळातली आहेत.

दुसरी गल्लत धुंडिराजशी होते. दादासाहेब फाळके यांचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. ते काही ठिकाणी ‘धोंडिराज’ असं लिहिलं जातं, आणि मग दोन्ही नावं एकच समजली जातात. धुंडिराज हे गणपतीचं नाव आहे. काशीत विश्वनाथाच्या मंदिराजवळ धुंडिराज गणपतीचं स्थान प्रसिद्ध आहे. ते देवाचं नाव, हे दगडाचं. घरात लाडाने दोघांनाही ‘धोंडू’ अशी हाक जात असेल, पण उगम वेगळे.

हे कोकणस्थ ब्राह्मणांचं नाव आहे, ही समजूत कर्व्यांमुळे आणि पु. ल. देशपांड्यांच्या ‘असा मी असामी’तल्या धोंडो भिकाजी कडमडे-जोशींमुळे पक्की झाली असावी. (त्या एका माणसाच्या नावात मुलगा धोंडो आणि बाप भिकाजी, म्हणजे दोन पिढ्यांची जगवण्याची धडपड आहे, हे हसताना सहसा ध्यानात येत नाही.) प्रत्यक्षात धोंडो, धोंडोपंत, धोंडोजी, धोंडिबा, धोंडीराम, धोंडू अशी रूपं जातीपातींच्या आरपार गेलेली आहेत. 1857च्या उठावातल्या नानासाहेब पेशव्यांचा उल्लेख इंग्रजांच्या कागदांत धोंडूपंत म्हणून येतो. त्याच्या अर्धशतक आधी, टिपूच्या पाडावानंतर तुंगभद्रेच्या मुलखात स्वतःची फौज उभी करून इंग्रजांना हैराण करणारा धोंडोजी वाघ हा मराठा सरदार. 10 सप्टेंबर 1800 रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेशी लढताना तो पडला. सत्यशोधक चळवळीत धोंडीराम नामदेव कुंभार होते.

आणि हे फक्त मुलग्यांचं नाव, हेही अर्धंच खरं. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी 1927 साली कोल्हापुरात जन्मल्या, केसरबाई केरकरांकडे शिकल्या आणि 2014 साली गेल्या. मुलांमध्ये हे नाव जास्त आढळतं, कारण मुलगा वाचावा यासाठी घरं जास्त धडपडत. त्याचा हिशेब मुलींना कमी लेखणाऱ्या समाजाने द्यायचा आहे.

इथेच सगळ्यांत मोठी गल्लत होते: धोंडू आणि नकुशा एका माळेत ओवले जातात. दोन्ही ‘वाईट’ नावं, दोन्ही जुन्या खेडवळ प्रथा, असं म्हणून विषय संपवला जातो. पण धोंडू म्हणणाऱ्या आईच्या मनात ‘जग’ असं होतं. नकुशा म्हणणाऱ्या घराच्या मनात ‘नको’ असंच होतं. मुलीमागून मुलगी झाल्यावर आता तरी पुढचा मुलगा होऊ दे, यासाठी ते नाव होतं. एका नावात बोललेलं आणि मनातलं परस्परविरुद्ध, दुसऱ्यात दोन्ही एकच. सातारा जिल्ह्यात 2011 साली अडीचशेहून अधिक नकुशांना समारंभपूर्वक नवी नावं दिली गेली. ते योग्यच झालं. ती जखम होती आणि ती वाहणाऱ्या मुली शाळेत जात होत्या.

आणखी एक फरक करायला हवा, आणि तो टाळून या नावांचं कौतुक करणं मला अप्रामाणिक वाटतं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बलदर्शक, वैश्याचं धनदर्शक आणि शूद्राचं तुच्छता दाखवणारं असावं, असा नियम आहे. म्हणजे एका घरात प्रेमापोटी ठेवलेलं दगडाचं नाव दुसऱ्या घरावर बाहेरून लादलेलंही असू शकत होतं. निदान गावाने ते त्या अर्थाने हाकारलं. ‘बलुतं’चे लेखक दया पवार यांचं मूळ नाव दगडू मारुती पवार. 1978 साली आलेल्या त्या पुस्तकात दगडू आणि दया हे दोघे समोरासमोर बसवलेले आहेत. ज्याला ते नाव नकोसं झालं, त्याला ‘अहो, यामागे किती माया होती’ असं सांगण्याचा अधिकार इतर कुणाला नाही.

मग ही प्रथा अडाण्यांचीच होती का? कर्वेच पाहा. ज्या घरातून 1893 साली विधवेशी विवाह करणारा, 1916 साली महिला विद्यापीठ काढणारा आणि 1958 साली भारतरत्न झालेला माणूस आला, त्या घरानेही हे नाव ठेवलं होतं. महाराष्ट्राबाहेरही तेच दिसतं. बंगालात तीनकौडी, पाचकौडी म्हणजे तेवढ्या कवड्यांना घेतलेली मुलं. तमिळ मुलखात कचऱ्यावरून आलेलं कुप्पुस्वामी आणि भिक्षेवरून आलेलं पिच्चै आहे. तेलुगूत उकिरड्यावरून पेंटय्या. ज्यांच्यात भाषेचा, जातीचा, मुलखाचा काही संबंध नाही त्यांनी एकच तोडगा काढला, कारण मुलं सगळ्यांचीच मरत होती.

नाव ओसरलं कसं, त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावाही कर्व्यांच्याच घरात आहे. धोंडो केशवांच्या मुलांची नावं रघुनाथ, शंकर, दिनकर आणि भास्कर. एका पिढीत दगड गेला आणि देव व सूर्य आले. थोरले रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि 1927पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. मुलं मोजकी व्हावीत आणि बाईचा जीव त्यात खर्ची पडू नये, यासाठी ते आयुष्यभर भांडले. पुढे देवीची लस सर्वदूर पोहोचली, स्वच्छ पाणी, दवाखान्यातली बाळंतपणं आली. 1975 साली देशातून देवीचा रोग गेला. मुलं जगू लागली आणि दृष्ट चुकवणारी नावं कमी झाली. शाळा आणि छापील कादंबऱ्यांनी नव्या नावांची गोडी लावली, ते त्याच्या जोडीला. दगडू हे नाव 2014च्या ‘टाइमपास’ चित्रपटाने पुन्हा तोंडी आणलं, पण बारशात ते परतलं नाही.

आपल्याकडे बापाचं नाव मधल्या जागी लागत असल्यामुळे धोंडो मात्र आणखी एक पिढी टिकला. म्हणून आजही बँकेच्या पासबुकावर, जातीच्या दाखल्यावर, कुलवृत्तांतात तो आढळतो. वंशावळीत असा धोंडो किंवा धोंडिबा सापडला, तर त्याच्या आणि त्याच्या मोठ्या भावंडाच्या जन्मसालांत किती अंतर आहे ते पाहावं. मोठी फट असेल, तर तिथे नोंद न झालेली बाळं असण्याची शक्यता बरीच असते. जुन्या वंशावळीत तान्हेपणी गेलेली मुलं सहसा लिहीत नसत आणि मुलींची नावं तर बहुतेक गाळलेलीच असत. फट नसेल, तर आजोबाचं नाव नातवाला दिलं असेल, तेव्हा दोन पिढ्या मागे जावं. घरात नव्वदीतली कुणी आत्या, आजी असेल तर तिला विचारावं. आधीचे किती गेले, हे कागदावर नसलं तरी तिने सासूच्या तोंडून ऐकलेलं असतं.