बहिऱ्या उंदराची साक्ष

साखर म्हटली की आपल्याला चहाचा पेला आठवतो. परंतु कित्येक जीवाणूंच्या अंगावरही शर्करांचे आवरण असते, आणि त्याचे परिणाम मुळीच गोड नसतात. मी कलाशाखेचा विद्यार्थी. तरीही या विषयाचे वाचन करताना मला त्यात रहस्यकथेची गोडी लागली. ती कथा थोडक्यात सांगतो.

१८९२ साली बर्लिनमध्ये रिचर्ड फायफर यांना असे आढळले की, पटकीचे जीवाणू उष्णतेने मारून मग टोचले तरीही गिनीपिग दगावतात. अर्थात विष जीवाणूच्या देहातच होते. यालाच अंतर्विष म्हणतात. हे अंतर्विष म्हणजे जीवाणूच्या बाह्य आवरणातील शर्करा आणि स्निग्धाम्ले यांचे संयुग. बाहेर शर्करांची लांब साखळी. मुळाशी शर्करेच्या दोन रेणूंना जडलेली स्निग्धाम्ले. खरा प्रताप या मुळाचाच.

अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत उंदरांचा ‘सी३एच/एचईजे’ नावाचा एक वाण आहे. इतर उंदीर ज्या मात्रेने मरतात, ती या वाणाला बाधत नाही, हे १९६०नंतरच्या दशकात ध्यानात आले. सामान्य उंदराच्या प्लीहेतील काही संरक्षक पेशी अंतर्विष मिळताच भराभर वाढू लागतात. या उंदराच्या पेशी मात्र ढिम्म! विष तेच, प्राणी तोच. मग फरक कशात? तो ऐकणाऱ्याच्या कानात होता. पेशीवरील टीएलआर-४ हे प्रथिन म्हणजे तो कान. त्यातील ७१२व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन आले होते, एवढेच. हा शोध ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने १९९८ साली लावला. २०११ साली बॉयटलर नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

याचा अर्थ असा की, प्राणी मरतो तो शरीराने उठवलेल्या हलकल्लोळामुळे. मग बहिरेपण हे वरदान समजावे काय? मुळीच नाही. जिवंत साल्मोनेला जीवाणू थोडेसे जरी शिरले, तरी हाच बहिरा उंदीर लवकर बळी पडतो. कारण शत्रू आल्याची वर्दीच त्याला मिळत नाही.

आणखी एक नवल पाहा. ऱ्होडोबॅक्टर स्फिरॉइडिस या जीवाणूचे हेच मूळ हॅमस्टरच्या पेशींना चेतवते. उंदराच्या व माणसाच्या पेशींचा मात्र कान बंद करते. त्याच्या घडणीवरून एरिटोरान हे औषध तयार झाले. जंतुदोष अंगभर भिनलेल्या रुग्णांना ते वाचवील, अशी आशा होती. परंतु २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मृत्यूंचे प्रमाण घटलेले दिसले नाही.

मला यातून एवढेच उमगले की, उंदराने दिलेली साक्ष हॅमस्टरला लागू पडत नाही, तर माणसाला ती लावताना फारच जपले पाहिजे. आपण साहित्याचे विद्यार्थी तरी वेगळे काय शिकतो? शब्द एकच असला, तरी अर्थ ऐकणाऱ्यागणिक बदलतो.