परगणा की राष्ट्र? : कॉर्नवॉलचा ‘मेबियन केर्नो’ पक्ष

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास अटलांटिक महासागरात शिंगाप्रमाणे घुसलेला जो भूभाग आहे, तो शासकीय दप्तरात कॉर्नवॉल या नावाचा एक परगणा, म्हणजे तेथील भाषेत काउंटी, म्हणून नोंदलेला आहे. ही नोंद अपुरी आहे असे मानणारा एक लहानसा पक्ष त्या परगण्यात आहे. १९५१ च्या जानेवारीत रेडरुथ येथे स्थापन झालेल्या या पक्षाचे नाव ‘मेबियन केर्नो’, म्हणजे ‘कॉर्नवॉलचे पुत्र’, असे आहे. पार्लमेंटची एकही जागा त्याने आजवर जिंकलेली नाही. तथापि कॉर्नवॉल ही केवळ कारभाराची सोय आहे की एका निराळ्या लोकसमूहाची भूमी आहे, हा प्रश्न त्याने सात दशके जागता ठेवला; आणि त्याचे उत्तर प्रामुख्याने भाषेत व जुन्या सनदांत शोधले. भाषाभ्यासकाने या पक्षाकडे लक्ष द्यावे ते याच कारणाने.

प्रथम नावांचाच विचार करू. ‘मेबियन’ हे ‘माब’ (पुत्र) या कॉर्निश शब्दाचे अनेकवचन असून वेल्श भाषेतही त्याचे जुळे रूप आहे. ‘केर्नो’ या नावाच्या मुळाशी ‘शिंग’ या अर्थाचा प्राचीन केल्टिक शब्द आहे. लॅटिनमधील ‘कोर्नु’ आणि संस्कृतातील ‘शृङ्ग’ हे त्याचेच सगोत्र होत. तेव्हा मराठी ‘शिंग’ शब्दाचेही त्याच्याशी दूरचे नाते पोचते. इंग्रजांनी या ‘कॉर्न’ला आपल्या जुन्या भाषेतील ‘परके लोक’ या अर्थाचा शब्द जोडून ‘कॉर्नवॉल’ बनविले. मागाहून आलेल्यांनी मूळच्या रहिवाशांस परके ठरवावे, हा प्रकार जगात नवा नव्हे. रेडरुथ या नावातील ‘रेड’ पाहून इंग्रज वाचकास तांबडा रंग आठवतो. वस्तुतः तेथे पूर्वपदाचा अर्थ ‘नदीतील उतार’ असा आहे, आणि तांबडेपणा आहे तो उत्तरपदात, कारण कॉर्निशमध्ये विशेषण नामामागून येते.

बाराव्या शतकातील इतिहासकार विल्यम ऑफ माम्सबरी याच्या म्हणण्याप्रमाणे दहाव्या शतकात राजा अॅथेल्स्टन याने टेमर नदी ही कॉर्निश लोकांची पूर्वसीमा ठरविली. नदीच्या पश्चिमेस ‘ट्रे’ (वस्ती), ‘पोल’ (डोह) आणि ‘पेन’ (टोक) यांनी आरंभ होणारी ग्रामनामे दाटीने आढळतात. पूर्वेस ती एकदम विरळ होतात. मात्र ईशान्य कोपऱ्यात, स्ट्रॅटनच्या परिसरात, नदीच्या अलीकडेही ग्रामनामे बव्हंशी इंग्रजी आहेत. म्हणजे राजकीय सीमा आणि भाषेची सीमा तंतोतंत जुळत नाहीत, हे विसरून चालणार नाही.

इतिहासात कॉर्नवॉलचे वेगळेपण दोन रूपांनी दिसते. एक रूप सनदांचे. १३३७ मध्ये तिसऱ्या एडवर्डने आपल्या ज्येष्ठ पुत्रासाठी येथे डची निर्माण केली. कथलाच्या खाणीत राबणाऱ्यांना स्वतःची न्यायालये व स्वतःची सभा होती. त्या सभेची अखेरची बैठक १७५३ मध्ये संपली आणि न्यायालये १८९६ मध्ये बंद झाली. दुसरे रूप बंडांचे. १४९७ मध्ये स्कॉटलंडवरील युद्धासाठी लादलेल्या कराविरुद्ध कॉर्निश लोक थेट लंडनच्या वेशीपर्यंत चालून गेले. त्यांचा पुढारी मायकेल जोसेफ हा ‘आन गोफ’, म्हणजे ‘लोहार’, या उपनामाने आजही ओळखला जातो. १५४९ चे बंड भाषेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. लॅटिन उपासना काढून इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचे केले गेले, तेव्हा आपल्यातील काहींना इंग्रजी समजतच नाही, असे बंडखोरांनी आपल्या मागण्यांत नमूद केले. बंड चिरडले गेले आणि कॉर्निश भाषेत प्रार्थनापुस्तक कधीच निघाले नाही. वेल्श भाषेस १५६७ मध्ये प्रार्थनापुस्तक आणि १५८८ मध्ये संपूर्ण बायबल मिळाले. एक भाषा तगली व दुसरी ओसरली, याचे एक मोठे कारण येथे आहे. १७७७ मध्ये माउझल गावची डॉली पेंट्रीथ वारली. तिला शेवटची कॉर्निशभाषी म्हणण्याची प्रथा आहे, पण ती वादातीत नाही.

पुढे तांब्याचा भाव कोसळला आणि खाणकामगार देशोदेशी पांगले. म्हैसूर संस्थानातील कोलारच्या सोन्याच्या खाणींतही ते आले. अशा विस्कटलेल्या समाजात हेन्री जेनर याने १९०४ मध्ये कॉर्निश भाषेची पाठ्यपुस्तिका प्रसिद्ध केली. भाषेचे पुनरुज्जीवन आधी आणि पक्ष नंतर, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

मेबियन केर्नोच्या पहिल्या अध्यक्षा हेलेना चार्ल्स १९५३ मध्ये स्थानिक नागरी मंडळावर निवडून आल्या. आरंभी मात्र ही संस्था पक्ष नसून दबावगट होती. इतर पक्षांचे खासदारही तिचे सभासद असत. लंडनची जादा वस्ती कॉर्नवॉलमध्ये हलविण्याच्या १९६० नंतरच्या योजनांमुळे तिला बळ आले, आणि १९७० मध्ये रिचर्ड जेनकिन यांनी तिच्या वतीने प्रथमच पार्लमेंटची निवडणूक लढविली. हेच जेनकिन पुढे कॉर्निश कविमंडळाचे, ‘गोर्सेथ’चे, प्रमुख झाले. पक्ष आणि भाषाचळवळ यांचे माणूसबळ किती एक होते, हे यावरून दिसते.

पक्षाची मुख्य मागणी कॉर्नवॉलसाठी स्वतंत्र विधिमंडळाची. २००१ मध्ये पन्नास हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन पंतप्रधानांच्या निवासस्थानी सादर झाले. हाती आले ते निराळेच : २००९ मध्ये जिल्हा मंडळे रद्द होऊन सर्व परगण्यास एकच स्थानिक मंडळ मिळाले. म्हणजे कारभार एकवटला, पण अधिकार स्थानिक मंडळाचेच राहिले. २०१० मध्ये टेमर ओलांडून मतदारसंघ आखण्याची शक्यता निर्माण झाली, तेव्हा ‘ही टेमर आहे, अॅमेझॉन नव्हे’ अशा आशयाचे उद्गार पंतप्रधान कॅमेरन यांनी काढले. भूगोलाच्या दृष्टीने ते अचूक होते. परंतु सीमेचे महत्त्व पात्राच्या रुंदीवर मोजावयाचे नसते, एवढेच त्यात निसटले.

कॉर्निश भाषेस २००२ मध्ये युरोपीय भाषासनदेखाली आणि कॉर्निश लोकांस २०१४ मध्ये राष्ट्रीय अल्पसंख्य म्हणून मान्यता मिळाली. पण २०११ च्या जनगणनेत कॉर्निश ही आपली मुख्य भाषा म्हणून सांगणारे अवघे ५५७ जण होते, आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने या भाषेचे अनुदान थांबविले. लोक म्हणून मान्यता देणाऱ्या शासनाने त्या लोकांच्या भाषेचा खर्च दोनच वर्षांत त्यांच्या स्थानिक मंडळावर सोडला; आणि त्या मंडळात मेबियन केर्नोचे सभासद बोटांवर मोजण्याइतकेच असतात.