दहा सेंटिमीटर दोरी

मोसंबीची आडतपट्टी आज सोडवायची असं ठरलं होतं. ती पुढं ढकलतो, कारण घनसावंगी तालुक्यातून आलेल्या एका पत्रानं दुसरं काही सुचू दिलं नाही. पत्र लिहिणारा बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोंढ्यातल्या भावांची सरासरी आणि मध्यक ही मागची उदाहरणं त्यानं सोडवली, उत्तरं बरोबर आली, आणि मग त्याच कागदाच्या तळाशी त्यानं लिहिलं: ‘आमच्या दोन एकरांत सोयाबीनचे जेमतेम दोन कट्टे झाले. मंडळाची सरासरी बरी निघाली म्हणून पीकविम्याचा एक रुपयाही आला नाही. मग ही सरासरी शिकायची कशाला?’

या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं. आपल्या पुस्तकांत सरासरीची उदाहरणं असतात पन्नास विद्यार्थ्यांच्या गुणांची, नाहीतर एखाद्या कारखान्यातल्या मजुरीची. ज्या सरासरीवर भोकरदनपासून मंठ्यापर्यंतच्या घरांचा रब्बीचा खर्च ठरतो, तिचं उदाहरण मी एकाही प्रश्नसंचात पाहिलेलं नाही. आज तेच मांडू. त्यात संख्याशास्त्र आहे, व्यवसायनीती आहे आणि शेवटी थोडं हिशेबशास्त्रही येईल.

आधी मुळातली गोष्ट. या योजनेत विमा उतरवताना नाव तुमचं असलं तरी उत्पन्न मोजलं जातं ते महसूल मंडळाचं. हे असं का, याचं उत्तर जुन्या आकड्यांत आहे. १९७२ मध्ये गुजरातेत संकरित कापसाचा पहिला विमा सुरू झाला, तो प्रत्येक शेताचं नुकसान वेगळं मोजणारा होता. पुढं तो महाराष्ट्रासह आणखी काही राज्यांत गेला. १९७८-७९ पर्यंत ३,११० शेतकरी त्यात आले, हप्ता जमला ४.५४ लाख रुपये आणि भरपाई द्यावी लागली ३७.८८ लाख. हप्त्याच्या आठपटीहून जास्त! शेतोशेती जाऊन नुकसान ठरवायला माणसं पुरत नाहीत, आणि विमा आहे म्हणून फवारणीत हात आखडता घेतला गेला का, हेही कळत नाही. याच काळात पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी क्षेत्राच्या सरासरीचा मार्ग सुचवला: सारख्या हवामानाचा एक पट्टा धरा, त्याचं सरासरी उत्पन्न मोजा, ते घटलं तर पट्ट्यातल्या सगळ्यांना सारख्या दरानं भरपाई द्या. १९७९ चा प्रायोगिक विमा, १९८५ ची सर्वंकष योजना, १९९९ ची राष्ट्रीय कृषी विमा योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना, या सगळ्यांचा कणा हाच. २०२५ च्या खरिपापासून तर राज्यानं शेतकऱ्यानं एकच रुपया हप्ता भरायची योजना बंद करून भरपाईचा भर मुख्यतः पीक कापणी प्रयोगांवर ठेवला आहे.

म्हणजे पत्रातल्या मुलाच्या वडिलांचं नुकसान खरं होतं आणि मंडळाची सरासरीही खरी असू शकते. दोन्ही एकाच वेळी खरं असणं हा या पद्धतीतला मूळचा धोका आहे आणि तो शेतकऱ्याच्या अंगावर पडतो. दांडेकरांनी पट्टा एकजिनसी हवा असं म्हटलं होतं. एका मंडळात नदीकाठची काळी आणि माळावरची मुरमाड अशा दोन्ही जमिनी आल्या की ती अट मोडते, आणि माझ्या मते खरी तक्रार इथं करायला हवी. सरासरी काढणं चुकीचं नाही. ती कशाकशाची मिळून काढली, यावर भांडावं.

आता उदाहरण. आकडे मी मांडलेले आहेत, रीत खरी आहे.

एका मंडळात सोयाबीनचं सात वर्षांचं सरासरी उत्पन्न, हेक्टरी किलोत: १४००, ११५०, ५२०, १३००, ९००, १५००, १२५०. नियम असा की सातांतली चांगली पाच वर्षं घ्यायची. ५२० आणि ९०० गळाले, उरलेल्यांची बेरीज ६६००, सरासरी १३२०. राज्यात जोखीम स्तर ७० टक्के धरतात, म्हणून उंबरठा उत्पन्न, म्हणजे ज्याच्या खाली गेलं की भरपाई मिळते ते, ९२४ किलो. सातही वर्षं धरली असती तर सरासरी ११४६ च्या आसपास आणि उंबरठा ८०२ आला असता. दोन दुष्काळी वर्षं वगळल्यानं उंबरठा सुमारे सव्वाशे किलोंनी वर चढला. हा शेतकऱ्याच्या बाजूचा नियम आहे आणि मुलांनी तो ओळखायला शिकावं.

यंदाचं उत्पन्न काढायला मंडळात पीक कापणी प्रयोगाचे दहा प्लॉट कापले. प्रत्येक प्लॉट १० मीटर बाय ५ मीटर, म्हणजे ५० चौरस मीटर, हेक्टरचा दोनशेवा भाग. मळून, वाळवून प्लॉटचं धान्य काट्यावर ठेवायचं आणि किलोंना २०० नं गुणायचं की हेक्टरी उतारा मिळतो. दहा वजनं अशी: २.१, ६.३, ४.८, ३.०, ५.४, ४.५, २.७, ५.१, ३.६, ४.५. सरासरी ४.२ किलो, म्हणून उत्पन्न हेक्टरी ८४० किलो, एकरी साधारण ३.४ क्विंटल. उंबरठ्यापेक्षा ८४ किलो कमी. ८४ भागिले ९२४ म्हणजे अकरावा हिस्सा. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५५,००० धरली तर भरपाई ५,००० रुपये. (अलीकडे काही पिकांत उपग्रहाच्या चित्रांवरून काढलेल्या अंदाजालाही वजन देतात. तो भाग आज बाजूला ठेवू.)

प्रश्नसंचातलं उदाहरण इथं संपलं असतं. खरी मौज मात्र पुढं आहे. या दहा वजनांचं प्रमाण विचलन काढा. विचलनांच्या वर्गांची बेरीज १५.६६, नवानं भागून १.७४, वर्गमूळ १.३२. सरासरीची प्रमाण त्रुटी त्याला दहाच्या वर्गमुळानं भागून ०.४१७ किलो, हेक्टरी ८३ किलो. तूट ८४ आणि त्रुटी ८३! दुसरी दहा शेतं निघाली असती तर हेच मंडळ उंबरठ्याच्या वरही गेलं असतं. त्रुटी अर्धी करायची तर चौपट, म्हणजे चाळीस प्लॉट कापावे लागतील. ज्या मुलांना ‘नमुन्याचा आकार’ हा धडा कोरडा वाटतो, त्यांच्यासमोर हा हिशेब ठेवा.

पण या त्रुटीचा एक गुण आहे. ती कोणाची बाजू घेत नाही. यंदा खाली, पुढच्या वर्षी वर, या मंडळात इकडं, शेजारच्या मंडळात तिकडं. मात्र त्यासाठी प्लॉट खरोखर यादृच्छिक निवडावा लागतो. गट नंबर यादृच्छिक अंकांच्या तक्त्यानं ठरतो. शेतात गेल्यावर नैऋत्य कोपऱ्यात उभं राहून, तक्त्यातल्या आकड्यांइतकी पावलं लांबीच्या आणि रुंदीच्या दिशेनं टाकायची. जिथं थांबलो तिथं पहिली खुंटी. तिथं पीक दाट असो की खडकावर विरळ, जागा हलवायची नाही.

या त्रुटीखेरीज आणखी एक चूक असते; ती दिसत नाही आणि एकाच दिशेला ढकलते. तिच्यासाठी पांडुरंग वासुदेव सुखात्म्यांकडं जायला हवं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेला हा संख्याशास्त्रज्ञ १९४० मध्ये दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत आला आणि पुढं जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचा प्रमुख झाला. वि. गो. पानसे आणि सुखात्मे यांनी आपल्या देशातल्या पीक कापणीची आजची घडी बसवली. त्याआधी पिकाचा अंदाज बहुतेक नजरेनं होई. ब्रिटिश अधिकारी जे. ए. हबॅक यांनी १९२०च्या दशकात बिहार-ओरिसात भाताच्या शेतांवर एकराच्या ३२०० व्या भागाची त्रिकोणी चौकट टाकून तो मोजायला सुरुवात केली. कलकत्त्यात संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस लहान गोलाकार तुकडे कापत. त्यांचं म्हणणं, तुकडा लहान ठेवा, माणसं खास शिकवलेली आणि स्वतंत्र ठेवा, त्याच खर्चात जास्त ठिकाणी कापता येईल. सुखात्म्यांचं म्हणणं, काम महसूल आणि शेती खात्याच्या नेहमीच्या माणसांकडूनच होणार, तर तुकडा मोठा हवा. त्यांनी निरनिराळ्या आकारांचे तुकडे कापून दाखवलं की लहान तुकड्यांत उत्पन्न फुगतं, आणि १९४६ मध्ये ‘नेचर’मध्ये ते छापून आलं.

फुगतं का? कडेच्या झाडांमुळं. दोरीवरचं झाड आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. करून पाहा. एक मीटर बाय एक मीटरचा तुकडा घ्या आणि चारही बाजूंनी फक्त दहा सेंटिमीटर जास्त कापा. क्षेत्र १.२ गुणिले १.२ म्हणजे १.४४, म्हणजे ४४ टक्के फुगवटा. दोन मीटरच्या चौकोनात तो २१ टक्के. आपल्या १० बाय ५ मध्ये १०.२ गुणिले ५.२, ५३.०४, म्हणजे सहा टक्के. तुकडा मोठा झाला की कडेचा वाटा कमी होतो, सुखात्म्यांचा मुद्दा एवढ्या तीन गुणाकारांत कळतो.

सहा टक्के म्हणजे किरकोळ, असं कोणाला वाटेल. आपल्या मंडळात घालून पाहा. ८४० चे झाले ८९१.०७. तूट उरली ३२.९३ किलो आणि भरपाई ५,००० वरून १,९६० रुपयांवर आली. हेक्टरी ३,०४० रुपये दहा सेंटिमीटरांत गेले, वीतभरसुद्धा नाही. आणि चाळीस काय, चारशे प्लॉट कापले तरी ही चूक तसूभरही कमी होणार नाही, कारण प्रत्येक प्लॉटवर ती त्याच बाजूला आहे. कापणीची नोंद करायच्या ॲपवरचा फोटो आणि अक्षांश-रेखांश सांगतात की माणूस त्या शेतात गेला होता. दोरी किती ताणली होती, हे ते सांगत नाहीत.

आता नीतीचा प्रश्न. प्लॉटवर तिघं उभे आहेत: सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचा कृषी सहायक), विमा कंपनीचा प्रतिनिधी आणि गावातले शेतकरी. शेतकरी म्हणतात, ‘साहेब, दोरी जरा आत घ्या, गावाचं भलं होईल.’ दहा सेंटिमीटर आत घेतली तर क्षेत्र ४७.०४, उत्पन्न ७९०.२७, भरपाई ७,९६०. त्या सहायकानं काय करावं?

वर्गात हा प्रश्न टाकला की बहुतेक मुलं म्हणतात, बाहेर टाकणं ही चोरी, आत घेणं ही दया. त्यांची भावना मी समजतो. २०१२-१३ च्या दुष्काळात वाळलेल्या मोसंबीच्या बागा ज्यांनी पाहिल्या त्यांच्या घरची ही मुलं आहेत. पण हे उत्तर मी मान्य करत नाही. यंदाचा आकडा पुढच्या सात वर्षांच्या यादीत बसतो. एक-दोन वाईट वर्षं गळून जातात, पण सातांत तीन वर्षं वाईट गेली तर तिसरं मोजणीत येतं, आणि मराठवाड्यात असं होतं. तेव्हा आज दाबलेला आकडा उद्याचा उंबरठा खाली ओढतो. शिवाय दोरी ‘जरा’ हलवता येते हे एकदा मान्य झालं की ती कोणाच्या बाजूनं हलेल हे जास्त जोर असणारा ठरवतो, आणि तो जोर गावाकडं क्वचितच असतो. ज्या झाडाचा बुंधा आत ते आत, हा नियम कापणीपूर्वी सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगून दोरी ताठ बांधणं, हेच त्या सहायकाचं आणि गावाचंही संरक्षण आहे. गावकऱ्यांनी कापणीच्या दिवशी हजर राहावं, टेप स्वतः धरून मोजावा, पंचनाम्यावर सही करण्याआधी वजन वाचावं.

राहता राहिला हिशेब. परतूरच्या एका कृषी सेवा केंद्राची ३१ मार्चला शेतकऱ्यांकडं आठ लाखांची उधारी आहे, बियाणं-खतांची. सोयाबीन ऑक्टोबरमध्येच बुडालं, विम्याचा निकाल लागलेला नाही. दुकानदार म्हणतो, ‘विमा येणारच आहे, बुडीत कर्जाची तरतूद कशाला?’ ‘येणे विमा’ असं त्याच्या ताळेबंदात दाखवता येणार नाही. ती रक्कम शेतकऱ्याच्या बँक खात्यात जाणार, दुकानदाराची ती मालमत्ताच नव्हे. तरतूद करावीच लागेल. पण समजा हिशेब अंतिम होण्याआधी, मे महिन्यात, भरपाई जाहीर होऊन जमा झाली आणि पाच लाखांची उधारी वसूल झाली. पीक बुडाल्याची स्थिती ताळेबंदाच्या तारखेलाच होती. वसुलीबद्दलचा पुरावा तेवढा नंतर आला. लेखा मानक ४ प्रमाणं अशा घटनेचा विचार ३१ मार्चच्या तरतुदीत करता येतो. मग तरतूद उरलेल्या तीन लाखांचा विचार करून ठरेल. निकाल हिशेब अंतिम झाल्यावर लागला तर ती वसुली पुढच्या वर्षात.

घनसावंगीच्या मित्रासाठी आणि इतरांसाठी एक उदाहरण सोडतो. वरच्याच दहा प्लॉटांपैकी चार मुरमाड जमिनीवर होते: २.१, ३.०, २.७ आणि ३.६. मंडळाचे दोन भाग केले आणि दोन्हींना उंबरठा तोच ९२४ ठेवला, तर कोणत्या भागाला किती भरपाई मिळेल? मग मुरमाड भागासाठी उंबरठाही त्याच जमिनीच्या जुन्या उत्पन्नावरून काढायचं ठरलं, तर उत्तर कोणत्या बाजूला सरकेल? उत्तरं पुढच्या वेळी, मोसंबीच्या पट्टीआधी.