मोजक्या भिंतींचे कुटुंबघर

भिंती, सामान आणि सजावट मोजकी ठेवून उरलेल्या प्रत्येक घटकाला नेमके काम देणाऱ्या गृहरचनेला आज 'मिनिमलिझम' म्हणतात. असे घर पाहुण्यांच्या बैठकीला शोभते, पण मुलाबाळांच्या संसाराला त्यात आडोसा मिळत नाही, हा तिच्यावरचा नेहमीचा आक्षेप आहे. ही संज्ञा रूढ होण्यापूर्वी बांधलेले, चेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहरातील 'व्हिला टुगेंडहाट' या आक्षेपाच्या तपासणीसाठी विशेष उपयुक्त ठरते. कारण एकांत आणि आतिथ्य हे दोन्ही हेतू तेथे एकाच वास्तूत, पण निरनिराळ्या उपायांनी साधले आहेत.

ग्रेटे आणि फ्रिट्झ टुगेंडहाट या दांपत्यासाठी जर्मन वास्तुविशारद मीस व्हान डेर रोहे यांनी आखलेले हे घर 1930 मध्ये पूर्ण झाले. छताचा भार पोलादी खांबांवर सोपवल्यामुळे भिंतींना भार वाहण्याचे काम उरले नाही आणि जेथे आडोसा हवा तेथेच भिंत घालण्याची मोकळीक मिळाली. या पद्धतीला 'मुक्त आराखडा' म्हणतात.

मात्र ही मोकळीक सगळ्या घराला सरसकट लागू केलेली नाही, हे या रचनेचे मर्म होय. घर उतारावर असल्याने रस्त्यावरून केवळ वरचा मजला दिसतो. या मजल्यावर आईवडिलांच्या आणि मुलांच्या खोल्या असून त्या नेहमीप्रमाणे भिंती-दारांनी बंदिस्त आहेत, तर कपाटे भिंतीतच बसवलेली असल्याने सामान नजरेआड राहते. पाहुणा याच मजल्यावरून आत येत असला, तरी दुधी काचेने वेढलेल्या प्रवेशकक्षातून जिना त्याला थेट खालच्या दिवाणखान्यात नेतो, त्यामुळे कुटुंबाच्या खोल्यांकडे वळण्याचे त्याला कारणच पडत नाही.

खालचा दिवाणखाना याउलट जवळजवळ अखंड आहे. बैठक आणि अभ्यासिका यांच्यामध्ये ऑनिक्स दगडाची एक सरळ भिंत उभी आहे, तर जेवणाच्या जागेला मकासार एबनी लाकडाच्या अर्धवर्तुळाकार भिंतीने वेढले आहे. माणसे थोडी असोत वा पुष्कळ, त्यानुसार पडदे ओढून जागा लहानमोठी करता येते, जेवणाचे गोल मेजही वाढवता येते आणि बागेकडच्या काचेच्या भिंतीतील दोन मोठी तावदाने विजेच्या यंत्राने जमिनीखाली सरकवता येतात. स्वयंपाकघर व नोकरांच्या खोल्या त्याच मजल्यावर, पण वेगळ्या भागात ठेवल्यामुळे कामाची वर्दळ बैठकीत येत नाही.

अशा घरात खरोखर राहता येते काय, हा प्रश्न 1931 मध्ये 'डी फॉर्म' या जर्मन नियतकालिकात जाहीरपणे विचारला गेला, तेव्हा या दांपत्याने स्वतः उत्तर देऊन घराची बाजू घेतली. ज्यू असलेल्या या कुटुंबाला 1938 मध्ये देश सोडावा लागला. पुढे 2001 मध्ये युनेस्कोने या वास्तूला जागतिक वारशाचा दर्जा दिला. याच वास्तुविशारदाने अमेरिकेत डॉ. एडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी बांधलेल्या, 1951 मध्ये पूर्ण झालेल्या एकखोली काचघरात मात्र असा बंदिस्त मजलाच नव्हता, आणि तेथे उघडेपणाची तक्रार खुद्द मालकिणीने केली.

ब्रनोच्या घरामागे मोठी संपत्ती आणि नोकरवर्ग होता, शिवाय पडदा नजर अडवतो तितका आवाज अडवत नाही, या मर्यादा लक्षात घ्याव्याच लागतात. तरीही त्यातील तत्त्व खर्चावर अवलंबून नाही. दोन-तीन खोल्यांच्या सदनिकेतही पाहुण्याची वाट दारापासून बैठकीपर्यंत, आणि हात धुण्याच्या जागेपर्यंत, निजायच्या खोल्या न ओलांडता जाईल अशी आधी आखली, आवाज रोखणारी पक्की भिंत व दार त्या खोल्यांना दिले आणि बैठकीत सरकते पडदे किंवा पार्टिशन ठेवले, तर थोड्या भिंतींतही दोन्ही गरजा भागतात. म्हणून अशा घराचा आराखडा तपासताना भिंती किती कमी केल्या यापेक्षा उरलेली प्रत्येक भिंत कोणाला कोणापासून आडोसा देते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.