रोहिणीपासून मूठभर अंतरावर

जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास गच्चीवर गेलं, की रोहिणीची तांबूस चांदणी जवळजवळ डोक्यावर आलेली असते. हात लांब करून मूठ धरावी आणि रोहिणीपासून उत्तरेकडे तेवढं अंतर मोजावं. गेल्या हिवाळ्यात नातवाला हे करायला लावलं. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, ‘‘आजोबा, तिथे तर काहीच नाही!’’

त्याचं फारसं चुकलं नाही. भल्याभल्यांचं असं झालं आहे. आकाशगंगेच्या गर्दीत मधूनच जिथे तारे दिसेनात, ती जागा अठराव्या शतकात विल्यम हर्शेलला आकाशाला पडलेल्या भोकासारखी वाटली. अमेरिकेतल्या एडवर्ड बर्नार्डने छायाचित्रांवरून १९१९मध्ये अशा १८२ काळ्या डागांची यादीच केली. पुढे ध्यानात आलं, की हे वायूचे आणि अतिसूक्ष्म धुळीचे ढग आहेत. मागचे तारे त्यांनी झाकले आहेत. यांतले लहान, गोल ढग ही ताऱ्यांच्या जन्माची जागा असावी, असं १९४७मध्ये बार्ट बोक आणि एडिथ रायली यांनी सुचवलं. त्याचा भक्कम पुरावा मिळायला आणखी चार दशकं जावी लागली.

गंमत अशी, की ज्यातून धगधगता तारा व्हायचा, तो ढग विलक्षण थंड असतो. त्याच्या गाभ्याचं तापमान उणे २६३ अंश सेल्सियसच्या आसपास. कारण सरळ आहे. वायू गरम असला, की रेणूंची धावपळ त्याला बाहेर रेटते. तो गार पडला, की ही धावपळ मंदावते आणि गुरुत्वाकर्षणाचं फावतं. ढग आत कोसळू लागतो.

पण हे पाहायचं कसं? दिसणारा प्रकाश धुळीतून बाहेर येत नाही. अवरक्त किरण बऱ्याच अंशी येतात, आणि मिलिमीटरभर किंवा त्याहून आखूड लांबीच्या रेडिओलहरी तर सहज येतात. मात्र आपल्या हवेतली वाफ या लहरी गिळते. म्हणून चिलीच्या अटाकामा वाळवंटात, ५,००० मीटर उंचीवर, ‘अल्मा’च्या ६६ अँटेना उभ्या केल्या आहेत.

बालताऱ्यांचे एक, दोन, तीन असे वर्ग शास्त्रज्ञांनी पाडले होते. १९९३मध्ये फिलिप आंद्रे, डेरेक वॉर्ड-थॉम्पसन आणि मेरी बार्सनी यांना त्याच्याही अलीकडचा ‘शून्य वर्ग’ जोडावा लागला. या वर्गात ताऱ्यापेक्षा त्याच्याभोवतीच्या वायूचं आवरणच वजनदार असतं.

एल १०१४ नावाच्या ढगाची कथा मला विशेष आवडते. बेव्हर्ली लिंड्स यांनी १९६२मध्ये केलेल्या काळ्या ढगांच्या यादीतला हा ढग. त्याच्या गाभ्याची नोंद ‘तारा नाही’ अशीच होती. २००४मध्ये स्पिट्झर अवकाश दुर्बिणीला तिथे एक मिणमिणता ठिपका दिसला. तेज सूर्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. मागचाच एखादा तारा असेल, अशी शंका होतीच. पण पुढल्याच वर्षी तिथून बाहेर फेकल्या जाणाऱ्या वायूचा माग लागला आणि बाळ तिथलंच, हे पटलं. बँकेत ‘व्यवहार नाही’ असा शेरा पडलेली खाती मी पुष्कळ पाहिली आहेत. शेरा खात्यावर असतो, पण पुष्कळदा तो बघणाऱ्याच्या नजरेवरचा असतो.

आता पुन्हा रोहिणीकडे. त्या मूठभर अंतरावर, ४६० प्रकाशवर्षं दूर, एल १५२७ हा ढग आहे. जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेलं त्याचं चित्र नोव्हेंबर २०२२मध्ये प्रसिद्ध झालं. निळ्या-नारिंगी रंगांचा भला मोठा डमरू आणि त्याच्या कमरेला एक बारीक काळी रेघ. ती रेघ म्हणजे आपल्याला कडेने दिसणारी वायूची आणि धुळीची तबकडी. आकाराने साधारण आपल्या सूर्यमालेएवढी. तारा तिच्या आड आहे. त्याचा उजेड वर-खाली निसटतो आणि डमरू उजळतो.

या ताऱ्याचं वय सुमारे एक लाख वर्षं. आपला सूर्य ४६० कोटी वर्षांचा. सूर्याला माझ्यासारखा साठी उलटलेला गृहस्थ मानलं, तर हे जेमतेम अर्ध्या दिवसाचं बाळ! सूर्याच्या जन्माचा साक्षीदार कुणी नाही. अशाच तबकडीतून पृथ्वी घडली आणि पुढे आपण आलो. आपल्या घरचं बाळंतपण पाहणं राहिलं, ते आता शेजारच्या घरी डोकावून समजून घ्यायचं. एका ताऱ्याची वाढ पाहायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. म्हणून वेगवेगळ्या वयांची अनेक बाळं पाहून क्रम लावायचा.

हे सगळं ऐकून नातवाने विचारलं, ‘‘मग तो मोठेपणी केवढा होईल?’’

आज त्याचं वस्तुमान सूर्याच्या २० ते ४० टक्के आहे. भोवतालचा वायू अजून आत पडतो आहे, काही बाहेर फेकलाही जातो आहे. त्यातलं किती पदरात पडेल, त्यावर ताऱ्याचं तेज आणि आयुष्य ठरेल. अर्ध्या दिवसाच्या बाळाचं भविष्य कुणी सांगावं? मी नातवाला तेवढंच म्हणालो, ‘‘अजून ठरायचंय.’’ तो पुन्हा मूठ उगारून रोहिणीपासून अंतर मोजू लागला.